भांडण थांबल्यानंतरचा दुरावा: दोन बहिणींवरच्या कुमार कादंबरीविषयी प्रश्न

प्रश्न: कोरा कागद

नमस्कार. १४ ते १८ या वयाच्या वाचकांसाठी मी एक कादंबरी लिहीत आहे आणि तिसऱ्या खर्ड्यापाशी अडले आहे. कादंबरी दोन बहिणींची आहे. हस्तलिखितात त्यांना नावे आहेत, पण इथे सोयीसाठी थोरली आणि धाकटी एवढेच म्हणते. दोघींत दीड वर्षाचे अंतर आहे, दोघी एकाच खोलीत वाढल्या आहेत आणि दोघी बुद्धिबळ खेळतात. मोहरे कसे मांडायचे इथपासून सगळे धाकटीला थोरलीनेच शिकवले. लहानपणी धाकटीची चाल चुकली की थोरली तिला ती मागे घेऊ देत असे. पुढे धाकटी तेराव्या वर्षी थोरलीला हरवू लागते आणि पंधरावे वर्ष उजाडेपर्यंत थोरलीकडून शिकण्यासारखे तिला काही उरत नाही. निवेदन थोरलीचे आहे आणि ते प्रथमपुरुषी आहे.

पुस्तकाच्या मधोमध एक प्रसंग येतो. एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत दोघी समोरासमोर बसतात. थोरली उंटाला हात लावते, तो हलवला तर डाव हातचा जातो हे त्याच क्षणी तिच्या लक्षात येते, ती हात मागे घेते आणि घोडा खेळते. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो हा नियम दोघींना ठाऊक असतो. धाकटीने हात लागलेला पाहिलेला असतो, तरी ती काही बोलत नाही आणि आपली पुढची चाल खेळते. थोरली तो डाव जिंकते, आणि त्यानंतर पुन्हा कधीही पटाशी बसत नाही.

यानंतर दोघींत एकही भांडण होत नाही. दोन वर्षे त्या एका घरात राहतात, एकमेकींशी नीट बोलतात, आणि दोन वर्षांनी थोरली शिक्षणासाठी घर सोडते. माझ्या दृष्टीने कादंबरीचा खरा विषय ही दोन वर्षे आहेत. हेव्यापेक्षा मला दुराव्यावर लिहायचे आहे.

खर्डा चार जणांनी वाचला. दोघा किशोरवयीन वाचकांना धाकटी आढ्यतेखोर वाटली, तर दोघा प्रौढांना थोरली कोत्या मनाची वाटली. मला दोघींपैकी कोणालाही दोषी ठरवायचे नव्हते. एका प्रकाशनाने हस्तलिखित परत पाठवताना असे कळवले की पहिले दोन भाग चांगले आहेत, पण शेवटच्या भागात काहीच घडत नाही, तेव्हा तिथे एक मोठे भांडण किंवा एक समेट आणावा. मी दोन्ही लिहून पाहिले आणि दोन्ही वेळा ते खोटे वाटले. थोरली जबाबदार आणि गंभीर, धाकटी बिनधास्त, असा स्वभावांचा पाया मी जन्मक्रमाविषयी वाचलेल्या गोष्टींवरून घातला होता, आता त्याबद्दलही शंका येते.

कोणीच चुकलेले नसताना दोन माणसे एकमेकींपासून कशी दूर जातात, हे या वयाच्या वाचकाला कंटाळा न येऊ देता कसे लिहावे? आणि शेवटी समेट नसेल, तर ती वाचकाची फसवणूक होते का?

प्रतिसाद: लाल शाई

मुलांच्या आणि कुमारांच्या पुस्तकांचे संपादन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहिते.

तुमच्या चारही वाचकांनी एकाच गोष्टीची तक्रार केली आहे असे मला वाटते. प्रथमपुरुषी निवेदनात धाकटीला लावलेले प्रत्येक विशेषण थोरलीचे असते, आणि कोवळ्या वयाचा वाचक निवेदकाच्या शब्दावर विश्वास ठेवूनच पुस्तकात शिरतो. म्हणून त्याला धाकटी आढ्यतेखोर दिसली. प्रौढ वाचकाने तो विश्वास टाकला नाही, पण थोरलीच्या नजरेपलीकडची धाकटी पाहायला तुम्ही त्याला फटही ठेवली नाही, म्हणून त्याने सारा दोष बोलणारीच्या पदरात घातला.

आपल्या भाषेत या भावनांसाठी निरनिराळे शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवले तर लिहिणाऱ्याला फार उपयोगी पडतात. दुसऱ्याजवळ आहे ते मलाही हवे, हा हेवा. दुसऱ्याचे बरे झालेले पाहवत नाही, हा मत्सर. असूया मात्र याहून सूक्ष्म आहे, कारण अमरकोशात तिचा अर्थ गुणांवरही दोषाचा आरोप करणे असा सांगितला आहे. तुमची थोरली हेव्यातून असूयेकडे जाते आणि तिला ते कळत नाही. धाकटीचा शांतपणा तिला थंडपणा वाटतो, धाकटीचा आनंद तिला प्रदर्शन वाटते. ‘ती मोठ्याने हसली, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून’ असे वाक्य घ्या. त्यातला पहिला अर्धा भाग घटना आहे आणि दुसरा अर्धा असूया. सगळा खर्डा हातात घेऊन अशा वाक्यांखाली दोन रंगांच्या रेघा ओढा. नंतर मोजक्या ठिकाणी, अख्ख्या पुस्तकात तीन-चार वेळा, धाकटीची अशी एखादी कृती राहू द्या, जी थोरलीने लावलेल्या अर्थात बसत नाही. हसताना ती दाराकडे पाहत होती, थोरली आत आली का ते पाहत होती, एवढे पुरे. थोरली ते नोंदवते आणि पुढे जाते. वाचक थांबतो.

आता दुराव्याविषयी, कारण तुमच्या पुस्तकाचा जीव तिथे आहे आणि त्या प्रकाशनाचा सल्ला मला पटत नाही. ज्यांच्यात चुरस असते ती माणसे एकमेकांकडे सतत पाहत असतात, आणि भांडणारी बहीण समोरच्या बहिणीला अजून मोजत असते. तुमच्या दोघींत दुरावा भांडणाने आलेला नाही, भांडण्याचे प्रयोजन संपले तिथून तो सुरू झाला आहे. मोठे भांडण घातले तर पुस्तक पुन्हा चुरशीकडे वळेल आणि तुम्ही दोनशे पाने जे बांधले ते मोडेल.

पण ‘काहीच घडत नाही’ ही तक्रारही खरी असणार. दुरावा घडताना दिसावा लागतो आणि तो दिसतो तो भाषेत. मराठीत त्यासाठी एक साधन आहे, ते तुम्ही वापरलेले दिसत नाही. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा त्यात येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. लहानपणच्या भागात दोघींच्या तोंडी ‘आपण’ भरभरून असू द्या: आपण खेळू, आपली खोली, आपला पट. मग एके दिवशी, अगदी साध्या संभाषणात, धाकटी म्हणते, ‘आम्ही उद्या सरावाला लवकर जाणार आहोत.’ त्या ‘आम्ही’त तिच्या सरावाच्या मैत्रिणी आहेत आणि थोरली नाही. कोणी आवाज चढवलेला नाही, कोणाचा अपमान झालेला नाही, तरी माझ्या मते ही तुमच्या तिसऱ्या भागातली सर्वांत मोठी घटना आहे. ती थोरलीला ऐकू आली पाहिजे आणि तिने तिच्यावर एकही शब्द बोलता कामा नये.

एक गोष्ट सहज सुचली म्हणून सांगते. भावंडांच्या वैरासाठी आपल्याकडे भाऊबंदकी हा जुना शब्द आहे, पण त्याला वाटणीचा आणि मोठ्या माणसांच्या कज्ज्यांचा वास आहे. एका खोलीत वाढणाऱ्या दोन मुलींमध्ये जे चालते त्याला नेमका शब्द नाही. थोरलीलाही तो शब्द सापडू नये असे मला वाटते. जिथे ती स्वतःच्या भावनेला नाव देते ती वाक्ये मी खोडली असती.

प्रतिसाद: मनोविद्यार्थी

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि भावंडांमधील नाती हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. कादंबरी कशी लिहावी हे मला सांगता येणार नाही, पण तुमची पात्रे जे करतात त्याची कारणे बऱ्याच अंशी तपासली गेली आहेत.

आधी जन्मक्रमाविषयी. पहिले मूल दुसऱ्याच्या जन्मानंतर सिंहासनावरून खाली उतरवले जाते, ही कल्पना आल्फ्रेड आडलर यांची आणि ती मनात घर करणारी आहे. मात्र २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील २०,००० हून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मनमिळाऊपणा, जबाबदारपणा, भावनिक स्थैर्य यांसारख्या स्वभावगुणांवर जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. तेव्हा थोरली जबाबदार आहे याचे कारण ती थोरली आहे, एवढ्यावर थांबू नका. ते कारण तुमच्याच कथेत शोधावे लागेल.

तुमच्या प्रसंगाशी अधिक जवळचे काम अब्राहम टेसर यांचे आहे. १९८० च्या दशकात त्यांनी मांडले की जवळच्या माणसाचे यश आपल्याला दोन उलट प्रकारे भिडते. ते क्षेत्र आपल्या स्वतःच्या ओळखीचा भाग नसेल, तर त्या यशाचा आपल्याला अभिमान वाटतो. तेच क्षेत्र आपल्या ओळखीचा गाभा असेल, तर तेच यश बोचते, आणि माणूस जितका जवळचा तितके ते अधिक बोचते. या बोचणीतून सुटण्याचे मार्ग तीन: दुसऱ्याला मागे टाकणे किंवा मागे खेचणे, ते क्षेत्र स्वतःसाठी बिनमहत्त्वाचे करून टाकणे, किंवा त्या माणसापासून लांब जाणे. तुमच्या थोरलीने पहिला मार्ग त्या डावात धरला, आणि तो तिला इतका लज्जास्पद वाटला की पट सोडून तिने दुसरा धरला. घर सोडणे हा तिसरा. शेवटच्या भागात काही घडत नाही असे कोणाला वाटले तरी तिथे एक सलग हालचाल आहे, फक्त ती वाचकाला जाणवली पाहिजे.

फ्रान्सिस शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये असे दाखवले की भावंडे अनेकदा स्वतःला मुद्दाम एकमेकांहून वेगळे ठरवतात, आणि ही प्रवृत्ती पहिल्या दोन भावंडांमध्ये, त्यातही दोघे मुलगे किंवा दोघी मुली असतील तेव्हा, अधिक दिसते. तुमच्या दोघी नेमक्या अशाच आहेत. पट सोडल्यावर थोरली काय धरते, याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. तिने जे काही धरले असेल, त्याबद्दल वाचकाच्या मनात एक शंका राहिली तर ती खरी असेल: हिला हे मनापासून आवडते, की ते बुद्धिबळ नाही म्हणून आवडते? सतरा वर्षांच्या मुलीला याचे उत्तर स्वतःलाही देता येत नसते.

आईवडिलांविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. अशा कादंबऱ्यांत एका मुलीला झुकते माप देणारी आई हे ठरलेले पात्र असते. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांशी बोलून जे काम केले, त्यावरून वेगळे चित्र दिसते. आईवडील आपल्याशी आणि भावंडाशी वेगळे वागतात हे मुलांना कळते, पण त्या वेगळेपणाला रास्त कारण आहे असे वाटले, तर नाते त्यामुळे बिघडतेच असे नाही. जिव्हारी लागतो तो न सांगितलेला फरक. आईने धाकटीच्या प्रत्येक स्पर्धेला जाणे आणि थोरलीला त्याबद्दल एका शब्दाने न विचारणे, यात आईचा हेतू थोरलीला अवघडवू नये असाही असू शकतो. तिला वाईट ठरवण्याची काही गरज नाही.

शेवटची गोष्ट समेटाबद्दल. ड्वेन बर्मेस्टर आणि विंडल फर्मन यांनी १९९० मध्ये तिसरी, सहावी, नववी आणि बारावीच्या मुलांची तुलना केली होती. वय वाढते तसे भावंडांमधील नाते अधिक बरोबरीचे होते आणि त्याची तीव्रता कमी होते, असे त्यात दिसले. कमी होणाऱ्या गोष्टींत भांडणे होती आणि सहवासही होता. म्हणजे तुम्ही लिहीत असलेला दुरावा हा अपघात किंवा कोणाचा अपराध नसून वाढण्याचा एक भाग असू शकतो. लाल शाई यांनी भांडण आणि जवळीक यांचा जो संबंध सांगितला, त्याला हे धरूनच आहे.

प्रतिसाद: अडीच घरे

मी अनेक वर्षे बुद्धिबळ खेळलो आणि काही काळ पंच म्हणून काम केले. तुमच्या मधल्या प्रसंगाबद्दल काही तपशील सांगतो, कारण खेळणारे मूल हे पुस्तक वाचेल तेव्हा ते तिथेच अडखळेल.

हेतुपूर्वक हात लावलेला मोहरा नियमानुसार हलवता येत असेल तर हलवावाच लागतो. प्रतिस्पर्ध्याला त्याबद्दल तक्रार करायची असेल, तर ती त्याने स्वतःच्या पुढच्या चालीसाठी मोहऱ्याला हात लावण्याआधी करावी लागते. एकदा त्याने आपला मोहरा धरला की तो हक्क संपला. म्हणजे धाकटीचे गप्प राहणे आणि धाकटीने हात पुढे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधले काही सेकंद तुमच्या हातात आहेत. तिचे घड्याळ चालू आहे, ती पटाकडे पाहते, मग बहिणीकडे पाहते आणि मग हात पुढे करते. त्या हाताने निर्णय कायमचा होतो. मी असतो तर इथे दोन पाने दिली असती.

पंच जवळ उभा राहून हे पाहत असेल, तर तक्रारीची वाट न पाहता त्यानेच मध्ये पडायला हवे. तेव्हा तो दुसऱ्या पटापाशी असू द्या.

याहून महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. दीर्घ मुदतीच्या डावात दोघेही खेळाडू स्वतःच्या आणि समोरच्याच्या चाली कागदावर लिहीत असतात, आणि डाव संपल्यावर निकाल लिहून दोघेही दोन्ही कागदांवर सही करतात. थोरलीला त्या विजयाखाली सही करावी लागते आणि धाकटीलाही करावी लागते. कागदावर घोड्याची चाल राहते. उंटाला लागलेला हात कुठेच राहत नाही, तो फक्त दोघींपाशी राहतो.

शिकवणारी थोरली आणि पुढे निघून जाणारी धाकटी, असे प्रत्यक्षातही घडले आहे. हंगेरीच्या पोल्गार भगिनींपैकी सुझन यांचा जन्म १९६९ चा आणि युदित यांचा १९७६ चा. दोघींना ग्रँडमास्टर किताब एकाच वर्षी, १९९१ मध्ये मिळाला. तेव्हा सुझन २१ वर्षांच्या होत्या आणि युदित १५ वर्षांच्या. त्याआधी १९८८ च्या ऑलिम्पियाडमध्ये या दोघी आणि मधली बहीण सोफिया एकाच संघातून खेळल्या आणि त्या संघाने सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. मला एवढेच सुचवायचे आहे की बहिणी एका बाजूने खेळतात तेव्हा त्यांच्या खेळाचा अर्थ बदलतो. तुमच्या दोघी कधी एका संघातून खेळल्या होत्या का? तसा एखादा जुना प्रसंग पहिल्या भागात असेल, तर शेवटची फेरी अधिक लागेल.

प्रतिसाद: शेंडेफळ

मी धाकटी आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही दोघी बहिणी चित्रे काढत असू. रंग कसा पातळ करायचा हे मला ताईनेच शिकवले होते. मी तेरा वर्षांची असताना एका स्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले आणि तिला काहीच मिळाले नाही, आणि त्या वर्षानंतर तिने ब्रश हातात धरला नाही. कोणी काही बोलले नाही. ती माझ्याशी अतिशय चांगली वागत राहिली, आणि ते चांगले वागणेच मला सोसत नव्हते. मी नवी चित्रे कपाटाच्या तळाशी ठेवू लागले. माझ्या चित्राकडे पाहून ‘ही सावली चुकली’ असे सांगणारे घरात एकच माणूस होते, आणि मी जिंकले त्या दिवशी ते माणूस मी गमावले. पुष्कळ वर्षे मला वाटत होते की मी तिचे काहीतरी घेतले आहे आणि ते परत कसे द्यायचे हे मला माहीत नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, त्याच्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. धाकटीची चाल चुकली की थोरली तिला ती मागे घेऊ देत असे, असे तुम्हीच लिहिले आहे. मग त्या शेवटच्या फेरीत धाकटी गप्प का राहते? थोरलीला ती दया वाटली असणार, आपल्यापेक्षा वरचढ झालेल्या माणसाने टाकलेला तुकडा वाटला असणार, आणि म्हणून तिने पट सोडला. माझ्या वाचनात ती दया अजिबात नाही. धाकटी लहानपणी मिळालेली एक चाल परत देते आहे. तिच्यासाठी स्पर्धा, पंच, नियम हे सगळे त्या क्षणापुरते नाहीसे होते आणि समोर बसलेली ताई पुन्हा खोलीतली ताई होते. ती त्या क्षणी जितकी जवळ आलेली असते तितकी पुढे कधीच येत नाही, आणि नेमके तेच थोरलीला सर्वांत मोठे अंतर वाटते.

तुम्ही हे जाणून लिहिले असेल तर माझे बोलणे फुकट आहे. नसेल, तर कृपा करून ते पुस्तकात कोणाच्याही तोंडी स्पष्ट घालू नका. धाकटीला एखादे प्रकरण देऊन तिची बाजू मांडावी, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो मानू नका. मला माझी बाजू मांडायला कधी जागा मिळाली नाही, आणि धाकट्यांचे बहुधा असेच असते. तिची बाजू वाचकाने स्वतः शोधून काढली, तरच ती त्याची होईल.

प्रतिसाद: ग्रंथपाल

मी मुलांच्या विभागात काम करते. वरील सगळ्यांशी बहुतांशी सहमत आहे, पण एका गोष्टीवर मतभेद नोंदवते. चौदा वर्षांचा वाचक समेट मागत नाही, पण तो ऋतू मागतो, म्हणजे काळ पुढे सरकला याची खूण मागतो. दोन वर्षे एकाच पट्टीत आली तर तो पुस्तक मिटतो, आणि सर्वनामांचे बदल कितीही सुंदर असले तरी तेवढ्यावर तो साठ पाने वाचणार नाही. तिसऱ्या भागात एक तरी बाहेरची घटना हवी, जिच्यात दोघींना एकत्र काहीतरी करावे लागेल. घरातले आजारपण असेल, खोली बदलणे असेल, काहीही चालेल. त्या दोघी ते काम उत्तम करतील, एकमेकींना सामान उचलायला मदत करतील, आणि काम संपल्यावर आपापल्या कोपऱ्यात जातील. एकत्र असूनही जवळ नसणे त्या वाचकाला अशा प्रसंगात चटकन कळते.

फसवणुकीबद्दल विचारलेत. फसवणूक होते ती शेवटच्या चार पानांत ओढून आणलेल्या मिठीने. मुले तशी पुस्तके परत करताना काही बोलत नाहीत, पण त्या लेखकाचे दुसरे पुस्तक मागत नाहीत.

प्रतिसाद: कोरा कागद

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मी काही लिहिले नाही, फक्त खर्डा पुन्हा वाचला.

शेंडेफळ, तुमच्या प्रतिसादाने मी हादरले. चाल मागे घेऊ देण्याचा तपशील मी पहिल्या प्रकरणात केवळ थोरलीचे प्रेम दाखवायला घातला होता. शेवटच्या फेरीशी त्याचा संबंध माझ्या मनात कधीच आला नव्हता. माझ्या निवेदिकेला जे दिसत नव्हते ते मलाही दिसत नव्हते, म्हणजे तिची असूया माझ्याच लिहिण्यात उतरली होती. धाकटी आढ्यतेखोर वाटण्याचे कारण मला तिथे सापडले.

काही निर्णय झाले आहेत. पंच दुसऱ्या पटापाशी जातील. धाकटीच्या हाताला दोन पाने मिळतील. सह्यांचा प्रसंग येईल आणि थोरलीची सही वाकडी वगैरे होणार नाही, ती नेहमीसारखीच होईल. आई राहील, पण तिच्या गप्प राहण्यामागे काळजी असेल. ग्रंथपाल यांच्या सूचनेप्रमाणे खोली बदलण्याचा प्रसंग घेते आहे, कारण दोघींना वेगळ्या खोल्या मिळणे मी एका ओळीत उरकले होते. पट कोणाच्या खोलीत जाणार हे ठरवायची वेळ तिथे येते, आणि दोघीही म्हणतात, ‘तुझ्याकडे राहू दे.’ लाल शाई यांनी सांगितलेला ‘आपला पट’ तिथे पहिल्यांदा ‘तो पट’ होईल.

समेट लिहिणार नाही. शेवटच्या प्रकरणात थोरली नव्या जागी राहायला गेली आहे आणि तिथले शेजारचे एक लहान मूल तिला बुद्धिबळ शिकवायला सांगते. ती नाही म्हणते, मग एके दिवशी बसते. मूल वजिराला हात लावते, चुकले हे त्याच्या लक्षात येते आणि ते घाबरून तिच्याकडे पाहते. थोरली म्हणते, ‘घे मागे.’ हे दोन शब्द पहिल्या प्रकरणातलेच असतील. ते उच्चारताना तिला काही कळले की नाही, हे मी लिहिणार नाही.

आता अडचण एवढीच आहे की धाकटीचा आठवड्याचा दूरध्वनी या प्रसंगाच्या आधी ठेवावा की नंतर. नंतर ठेवला तर थोरली काही सांगेल अशी आशा वाचकाला लागेल, आणि आधी ठेवला तर ती सांगण्याची वेळ निघून गेलेली असेल. दोन्ही प्रकारे लिहून पाहते आहे. शेंडेफळ, हे प्रकरण झाल्यावर तुम्हाला पाठवले तर वाचाल का?